राज्य गेलं, मग दरबार हॉलमध्ये कारागीर बसले : सावंतवाडीच्या शिवरामराजेंची गोष्ट

गोव्याहून परतणारी गाडी सावंतवाडीत थांबते, ती बऱ्याचदा चितार आळीसाठी. दुकानांच्या रांगेत लाकडाचे आंबे, सीताफळं, वांगी, केळ्यांचे घड मांडलेले असतात. लहान मुलींसाठी भाटुकलीचे संच, नव्या संसारासाठी पोळपाट-लाटणं, देवघरासाठी पाट, आणि एका कोपऱ्यात कुंकवाचा करंडा. बोटभर उंचीचा, गोल, लाल-पिवळ्या पट्ट्यांचा. झाकण फिरवलं की अलगद निघतं आणि पुन्हा तितकंच घट्ट बसतं.

तिथून चालत थोडं पुढे गेलं की मोती तलाव लागतो आणि त्याच्या काठावर राजवाडा. या राजवाड्यात एक विचित्र दृश्य दिसतं. ज्या दरबार हॉलमध्ये एकेकाळी मानकरी बसायचे, तिथे कारागीर मांडी घालून बसलेले असतात. कोणाच्या हातात बारीक कुंचला असतो, कोणाच्या पुढ्यात गोल पत्ते, पेट्या, डबे.

राजवाड्याचं संग्रहालय होतं, हॉटेल होतं, लग्नाचा हॉलही होतो. पण राजाने आपला दरबार हॉल कारागिरांना कामाला द्यावा, हे फारसं कुठे घडलेलं नाही. सावंतवाडीत ते घडलं, आणि त्यामागे होते या संस्थानचे शेवटचे राजे शिवरामराजे भोसले आणि त्यांच्या पत्नी राणी सत्त्वशीलादेवी.

दहाव्या वर्षाआधीच गादी

शिवरामराजेंचा जन्म 1927 चा. वडील पाचवे खेमसावंत, म्हणजे बापूसाहेब महाराज. हे नाव सावंतवाडीत आजही आदराने घेतलं जातं. इंग्लंडमध्ये शिकलेला, पहिल्या महायुद्धात मेसोपोटेमियाच्या आघाडीवर जाऊन आलेला आणि परतल्यावर साधेपणाने कारभार करणारा हा राजा होता. गांधीजींनी त्यांच्या कारभाराची तुलना रामराज्याशी केली होती, असं इथले लोक अभिमानाने सांगतात.

बापूसाहेब 1937 मध्ये गेले, तेव्हा त्यांनी चाळिशीही गाठली नव्हती. मुलगा दहा वर्षांचाही नव्हता. गादी त्याच्या नावावर आली आणि कारभार आई, राणी पार्वतीदेवी यांच्याकडे. त्या बडोद्याच्या गायकवाड घराण्यातल्या होत्या.

राज्य तसं लहान. एका बाजूला सह्याद्री, दक्षिणेला पोर्तुगीजांचा गोवा. महसूल बेताचा, पाऊस मात्र अफाट. इथल्या राजाला मोठ्या संस्थानिकांसारखा थाट परवडणारा नव्हता. या राज्याची बाहेरच्या जगात जी ओळख होती, ती बऱ्याच अंशी कारागिरांमुळे. ब्रिटिशांनी 1880 मध्ये रत्नागिरी आणि सावंतवाडीचं गॅझेटियर छापलं. त्यात इथल्या वाळ्याच्या नक्षीदार वस्तू, गव्याच्या शिंगांपासून केलेलं काम आणि रंगीत पत्ते यांची नोंद आहे.

शिवरामराजे वयात आले आणि कारभार त्यांच्या हाती येऊन स्थिरावेपर्यंत देश स्वतंत्र झाला. 1948 मध्ये संस्थान मुंबई राज्यात विलीन झालं आणि रत्नागिरी जिल्ह्याचा भाग बनलं. (सिंधुदुर्ग जिल्हा खूप नंतरचा, 1981 चा.) एकविशीतल्या तरुणाकडे आता राजा ही पदवी होती, राजवाडा होता, सरकारकडून मिळणारा तनखा होता. राज्य नव्हतं.

अशा वेळी बरेच संस्थानिक मुंबई-पुण्याचे झाले. काहींनी घोडे पाळले, काहींनी वाडे विकले. शिवरामराजे सावंतवाडीतच राहिले. पुढे ते या मतदारसंघातून अनेकदा विधानसभेवर निवडून गेले. गादीवर जन्माने बसलेला माणूस मतं मागायला दारोदार गेला आणि लोकांनी त्याला पुन्हा पुन्हा निवडून दिलं, हेही त्या काळात थोडं नव्हतं. शहरात 1961 मध्ये महाविद्यालय सुरू झालं, त्याला त्यांच्या वडिलांचं, पंचम खेमराज असं नाव आहे.

राजकारणाचा हा भाग इतर माजी संस्थानिकांच्या चरित्रातही सापडतो. वेगळं काय घडलं, ते समजून घ्यायचं तर आधी त्या छोट्या करंड्याकडे परत जावं लागतं.

एक करंडा बनतो कसा?

लाकूड फिरवून, त्याला हत्यार लावून गोल आकार देणं याला मराठीत कातणं म्हणतात आणि हे काम करणारा तो कातारी. सावंतवाडीत चितारी घराण्यांनी लाकूड आणि रंग अशी दोन्ही कामं सांभाळली.

लाकूड आधी सावलीत वाळवावं लागतं. पांगाऱ्यासारखं हलकं, मऊ लाकूड खेळण्यांसाठी चांगलं. ते हत्याराला अडत नाही, पटकन आकार घेतं. आंब्याचं लाकूडही चालतं. ओंडक्याचा तुकडा लेथवर बसवायचा आणि फिरवायचा. आता मोटर आली. पूर्वी दोरी हाताने ओढायचे. दोरी ओढली की लाकूड पुढे फिरायचं, सोडली की उलटं. हत्यार लागायचं ते फक्त पुढच्या फेरीत. म्हणजे अर्धा वेळ नुसता वाट बघण्यात. त्यामुळे कातारी घाई करूच शकत नव्हता.

करंड्याचं झाकण आणि पोट शक्यतो एकाच तुकड्यातून निघतं. लाकडाचे दोर जुळतात आणि झाकण नीट बसतं. पोट आतून पोखरताना भिंत किती पातळ झाली हे डोळ्यांना दिसत नाही. आवाजावरून ओळखायचं. एक क्षण चुकला की हत्यार आरपार.

मग येते लाख. पळस, कुसुम, बोर अशा झाडांवर एक बारीक किडा राहतो, त्याच्या स्रावापासून लाख मिळते. ती शुद्ध करून, रंग मिसळून तिच्या कांड्या करतात. लाकूड फिरत असताना ही कांडी त्याच्यावर दाबून धरली की घर्षणाने उष्णता तयार होते, लाख वितळते आणि लाकडावर पसरते. कुंचला नाही, डबा नाही, वाळायची वाट बघणं नाही. लाल कांडी, मग पिवळी, मग हिरवी. शेवटी केवड्याचं पान दाबून धरलं की पृष्ठभाग आरशासारखा चमकतो. केवड्याचं पान गुळगुळीत असतं, चिवट असतं आणि कोकणात त्याला कमी नाही.

रंगीत पट्टे असलेलं लाकडी भांडं करायची दुसरीही एक पद्धत जगात चालते. वेगवेगळ्या रंगांच्या लाकडांच्या पट्ट्या कापायच्या, उदाहरणार्थ काळपट शिसव आणि फिकट हळदू. त्या पिंपासारख्या उभ्या जोडून सरसाने चिकटवायच्या आणि तो पोकळ गोल लेथवर चढवून कातायचा. रंग लावावाच लागत नाही, लाकडाचाच रंग दिसतो. दिसायला हे सुंदर, पण हिशोब कडक. आठ पट्ट्यांचं भांडं असेल तर प्रत्येक पट्टीच्या दोन्ही कडा साडेबावीस अंशांत तासाव्या लागतात. म्हणजे सोळा कडा. प्रत्येक कडेत अर्ध्या अंशाची चूक झाली तर शेवटच्या सांध्यापर्यंत ती आठ अंशांची होते आणि गोल मिटतच नाही.

शिवाय दोन जातींची लाकडं ओलाव्याने सारखी फुगत नाहीत. जून ते सप्टेंबर भिंतींनाही बुरशी येते अशा प्रदेशात तो सांधा किती टिकेल? सावंतवाडीत एकसंध मऊ लाकूड आणि वरून लाखेचा रंग ही जोडी रुळली, ती या हवेला सोयीची आहे. लाख लाकडाची छिद्रं बुजवते, ओल आत शिरायला वेळ लागतो. रंग आणि संरक्षण एकाच कांडीत.

पत्ते, पंडित आणि चितारी

लाखकामाइतकंच सावंतवाडीचं नाव झालं ते गंजिफामुळे. गंजिफा म्हणजे गोल पत्ते. मुघलांसोबत हा खेळ भारतात रुजला. बाबराने 1527 मध्ये सिंधच्या शाह हसनला गंजिफा पाठवल्याची नोंद त्याच्या आत्मचरित्रात आहे. मुघल गंजिफात आठ रंग आणि 96 पत्ते. पुढे हिंदू देवतांचे संच निघाले. दशावतारी गंजिफात मत्स्यापासून कल्कीपर्यंत दहा रंग, प्रत्येकात एक ते दहा, शिवाय राजा आणि प्रधान. एकूण 120 पत्ते. प्रत्येक पत्ता हाताने रंगवलेला.

सावंतवाडीत हे आलं ते तिसऱ्या खेमसावंतांच्या काळात, असं सांगितलं जातं. त्यांनी 1755 ते 1803 राज्य केलं. धर्मशास्त्रावर चर्चा करायला तेलंगणातले पंडित दरबारात येत, त्यांच्याकडून या खेळाची माहिती मिळाली आणि इथल्या चिताऱ्यांनी पत्ते बनवायला सुरुवात केली. कागदाचे थर, चिंचोक्याची खळ, खडूची भुकटी, घोटाई, रंग आणि शेवटी लाखेचा हात. करंड्याला जी लाख, तीच पत्त्याला.

दीडशे वर्षं हे सगळं नीट चाललं, कारण गिऱ्हाईक होतं. लोक गंजिफा खेळायचे. मुली लाकडी भाटुकलीने खेळायच्या. लग्नात करंडा द्यावाच लागायचा. आणि वरच्या दर्जाच्या कामाला दरबार होता.

मग कारखान्यात छापलेले 52 चौकोनी पत्ते आले. ते स्वस्त होते, खिशात मावायचे, हरवले तर दुसरे घ्यायचे. प्लास्टिकची खेळणी आली. तयार डब्यातला रंग आला, तो लाखेपेक्षा सोपा. 1948 मध्ये दरबारही गेला. स्वातंत्र्याने सावंतवाडीच्या माणसाला मत दिलं, पण तिथल्या चिताऱ्याचं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक त्याच सुमारास गेलं. यात कोणाचा दोष नव्हता. म्हणून त्याविरुद्ध तक्रार तरी कोणाकडे करणार?

ऐंशी ओलांडलेले गुरू

शिवरामराजेंचं लग्न 1951 मध्ये झालं. सत्त्वशीलादेवी बडोद्याच्या, गायकवाड घराण्यातल्या. त्यांना चित्रकलेची मुळात आवड होती आणि तिचं शिक्षणही त्यांनी घेतलं होतं. बडोदा हे कलेला पैसा देणारं मोठं संस्थान. तिथून त्या आल्या अशा गावात, जिथे कला होती पण पैसा नव्हता.

1950 च्या दशकाच्या अखेरीस या दोघांच्या लक्षात आलं की गंजिफा जवळजवळ संपला आहे. परंपरेने पत्ते बनवणारे एकच जुने जाणकार उरले होते, पुंडलिक चितारी. वय ऐंशीच्या पुढे. लाखकाम करणारे थोडे होते, पण जुन्या दर्जाचं काम करणारे विरळ. पुंडलिक गेले की खळ किती शिजवायची, लाख कधी लावायची, कोणत्या अवताराचं चिन्ह कसं काढायचं, सगळं त्यांच्याबरोबर जाणार. हे कुठे लिहिलेलं नव्हतं.

इथे दोन रस्ते होते. पहिला सोपा. जुने संच गोळा करायचे, काचेच्या कपाटात ठेवायचे, खाली पाटी लावायची. पत्ते वाचले असते, बनवणं मेलं असतं. या दोघांनी दुसरा निवडला. पुंडलिक चिताऱ्यांना शिकवायला राजी केलं, आणि पहिली शिष्या झाली ती खुद्द राणी.

ही गोष्ट आज गोड वाटते. त्या वेळी ती तशी नव्हती. पिढ्यानपिढ्या चितारी दरबारात वस्तू घेऊन यायचे आणि राजा बक्षीस द्यायचा. आता राणी चिताऱ्यासमोर बसून कुंचला कसा धरायचा हे शिकत होती. राजघराण्याला कमीपणा वाटेल, गाव काय म्हणेल, असे प्रश्न विचारायला जागा होती. शिवरामराजे घरातले कर्ते पुरुष होते. त्यांनी मोडता घातला असता तर हे काम तिथेच थांबलं असतं. ते सोबत राहिले.

खरं सांगायचं तर, रंग, रेषा आणि शिकवणं यांचं श्रेय सत्त्वशीलादेवींचं. त्यांनी हात चालवला. शिवरामराजेंचा वाटा दिसायला साधा आहे. जागा, पैसा आणि नाव त्यांनी दिलं. पण कलेच्या इतिहासात नेहमी हाच भाग कमी पडतो. शिकवायला कोणीतरी मिळतं, शिकायलाही मिळतं. शिकून झाल्यावर रोज सकाळी कुठे जायचं आणि महिनाअखेर पैसे कोण देणार, याचं उत्तर मिळत नाही.

1971 : तनखा गेला, कारखाना आला

ते उत्तर 1971 मध्ये मिळालं. राजवाड्यात सावंतवाडी लॅकर वेअर्स ही संस्था सुरू झाली. स्थानिक तरुणांना शिकवायचं, त्यांच्याकडून काम करून घ्यायचं, मोबदला द्यायचा आणि माल विकायचा. जागा, दरबार हॉल.

वर्षाकडे जरा लक्ष द्या. 1971 च्या अखेरीस 26 वी घटनादुरुस्ती झाली आणि देशभरातल्या संस्थानिकांचे तनखे व पदव्या रद्द झाल्या. दोन्ही घटनांचा एकमेकींशी थेट संबंध नाही. तरी योगायोग बोलका आहे. ज्या वर्षी सरकारने राजाला राजा म्हणणं थांबवलं, त्याच वर्षी त्याच्या दरबारात पगारी कारागीर बसले.

लॅकर वेअर्सने एक व्यवहारी निर्णय घेतला. फक्त गंजिफावर पोट भरणार नाही हे उघड होतं. खेळणारेच उरले नव्हते. 120 पत्त्यांचा हाताने रंगवलेला संच स्वस्तात देता येत नाही, आणि महाग घेऊन कोण खेळणार? म्हणून तीच चित्रशैली लाकडावर उतरली. पेट्या, डबे, ट्रे, चौरंग, खुर्च्या, कातलेल्या बैठकांवर रंगवलेल्या कडा. लाखेचा चकाकता हात सगळ्यांना. पत्त्यावरचा मत्स्यावतार आता दागिन्यांच्या डब्यावर बसला. परदेशातले संग्राहक गंजिफाचे संच मागवू लागले, आणि त्या संचांना लाकडी पेटीही आली, तिच्या झाकणावर त्याच रंगात चित्रं.

यात काही हरवलंही. गंजिफा हा खेळ होता. तीन जणांनी बसून, डाव लक्षात ठेवून खेळायचा. आज जे विकत घेतात, त्यांतल्या बहुतेकांना तो खेळता येत नाही. पत्ते वाचले, डाव नाही वाचला. करंड्याचंही तसंच. त्यात आता कुंकू कमी आणि हेअरपिना जास्त असतात. कारागिराचा रोजगार मात्र दोन्हीकडून चालतो, आणि दरबार हॉलमध्ये बसणाऱ्या माणसासाठी तोच मुद्दा महत्त्वाचा होता.

बाहेर चितार आळीतही बदल झाले. फळं आणि भाज्यांवर लाखेऐवजी तयार रंग दिसू लागले, कारण पर्यटकाला शंभर रुपयांत आंबा हवा असतो, केवड्याच्या पानाची चकाकी नाही. राजवाड्यातलं काम महाग राहिलं, आळीतलं स्वस्त. दोन्ही एकाच गावात, चालत काही मिनिटांच्या अंतरावर. आळीला राजवाड्याच्या नावाचा फायदा झाला आणि राजवाड्याला आळीच्या गर्दीचा.

राजा गेल्यावर

शिवरामराजे 1995 मध्ये गेले. तोपर्यंत लॅकर वेअर्सला जवळपास पाव शतक झालं होतं. एखादी संस्था एका माणसाच्या हौसेवर चालत असेल तर ती त्या माणसासोबत बंद पडते, असा साधारण अनुभव आहे. ही बंद पडली नाही. सत्त्वशीलादेवी त्यानंतरही दोन दशकांहून अधिक काळ दरबार हॉलमध्ये येत राहिल्या, कारागिरांच्या शेजारी बसून काम बघत राहिल्या. 2018 मध्ये त्यांचं निधन झालं. पुढची पिढी आता ते काम बघते. 2024 मध्ये सावंतवाडीच्या गंजिफाला आणि लाकडी कलावस्तूंना भौगोलिक मानांकन मिळालं.

मानांकनामुळे दुसऱ्या गावात बनवलेल्या मालाला सावंतवाडीचं नाव लावता येणार नाही, निदान कायद्याने. लेथवर बसायला तरुण मुलगा मिळेल की नाही, हे मानांकन ठरवत नाही. लाकडाचा भाव, लाखेचा भाव आणि गोव्यातल्या हॉटेलात मिळणारा पगार, हे ठरवतं.

राजवाडा बघायला येणाऱ्यांना आजही दरबार हॉलमध्ये जाता येतं. कारागीर मान वर करून बघतात, पुन्हा कामाला लागतात. विचारलं तर सांगतात की ही कूर्माची रांग, हा प्रधान, हा राजा. राजा ओळखायची खूण सोपी आहे. बहुतेक संचांमध्ये तो सिंहासनावर बसलेला असतो आणि प्रधान घोड्यावर. निघताना लोक बहुधा एखादी छोटी वस्तू घेतात. पेटी महाग वाटली तर करंडा.